साडेचार लाखांचा इंग्लिश सीझन

पत्र

सर, मी सांगलीचा. वय चोवीस, बी.कॉम. झालंय. पाच वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालच्या संघातून दोन सामने खेळलो, पुढे काही झालं नाही. आता जिल्ह्याकडून खेळतो. वरच्या फळीत फलंदाजी आणि ऑफस्पिन. सकाळ-संध्याकाळ एका अकादमीत लहान मुलांना शिकवतो, महिन्याला बारा हजार मिळतात.

पुण्यातला एक एजंट एप्रिल ते सप्टेंबर इंग्लंडमध्ये क्लब मिळवून देतो म्हणतोय. खेळायचं, मुलांना कोचिंग करायचं. राहायची खोली आणि विमानाचं तिकीट क्लबचं, वर खर्चाला रोख पैसे, मधल्या दिवसांत फिरायचं. त्याची फी साडेचार लाख. 'व्हिजिटर व्हिसा काढू, काही होत नाही, सगळे असेच जातात' असं तो म्हणतो. बाबा म्हणतात, एवढ्यात दुकानामागची खोली बांधून होईल. आई म्हणते, जाऊ दे त्याला. एमपीएलच्या (महाराष्ट्र प्रीमियर लीग) लिलावातही नाव दिलंय.

जाऊ का? आणि सहा महिन्यांनी परत आल्यावर माझ्या हातात काय असेल?

ऑफस्पिनर, सांगली

उत्तर

प्रिय ऑफस्पिनर,

जा. पण या माणसाचा हात धरून नको, या व्हिसावर नको आणि हे साडेचार लाख घालून तर मुळीच नको.

'खोली आणि तिकीट क्लबचं, वर रोख' आणि 'व्हिजिटर व्हिसा, काही होत नाही'. तू ओघात लिहून गेलास, पण ही दोन वाक्यं एका घरात नांदणारी नाहीत. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांपर्यंत राहता येतं आणि हौशी खेळाडू म्हणून क्रिकेटही खेळता येतं, एवढं एजंट खरं सांगतोय. सगळा घोळ 'हौशी' या शब्दात आहे. आपला हिशोब सरळ असतो : रणजी खेळला नाही, आयपीएल खेळला नाही, म्हणजे हौशी. तिथल्या गृहखात्याची व्याख्या बरीच बारीक आहे. प्रवासाचा आणि तिथे राहण्याचा सगळा किंवा बहुतेक खर्च खेळण्या-शिकवण्याच्या मोबदल्यातून निघत असेल, तर तुम्ही व्यावसायिक. हा मोबदला रोखच असायला हवा असं नाही, वस्तुरूपातलाही मोजतात. म्हणजे 'पगार कुठाय हो, नुसती खोली आणि तिकीट' ही पळवाट आधीच बुजवून ठेवलेली आहे.

व्याख्या इथेच संपत नाही. गेल्या दोन वर्षांत देशाकडून किंवा राज्याकडून खेळलेला माणूसही तिच्यात बसतो, आणि त्यात सतरा वर्षांखालच्या वयोगटापासून वरचे सगळे संघ आले. तुझे दोन सामने पाच वर्षांपूर्वीचे आहेत, तिथे तू सुटलास. गेल्या चार वर्षांत व्यावसायिक किंवा निमव्यावसायिक संघात नोंद झालेलाही तिच्यात येतो. एमपीएलच्या लिलावात नाव दिलंयस ना? कुठल्या संघाने घेतलं तर मला पेढे पाठव, पण त्या दिवशी हौशी म्हणून इंग्लंडला जायचं गणित मोडलं असं समज. त्या संघाने तुला पूर्ण सीझन पाणी वाहायला लावलं तरी फरक पडत नाही, कारण मोजतात ती नोंद.

आणि त्याच व्याख्येत आणखी एक कलम आहे, ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. खेळाडू म्हणून संधी शोधण्यासाठी ज्याने एजंट नेमला आहे, किंवा गेल्या बारा महिन्यांत नेमला होता, तो व्यावसायिक. म्हणजे तुला हौशी म्हणून पाठवण्याचे साडेचार लाख घेणारा हा गृहस्थ तुझ्याकडून सही घेतो त्या क्षणी तुझं हौशीपण संपवतो!

भारतातला कायदाही बघ. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. तो नोंदलेला आहे की नाही हे ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. १९८३च्या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे उमेदवाराकडून त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. तेव्हा त्याला एकच विचार : 'साहेब, हे काम आहे की काम नाही?' काम असेल तर साडेचार लाख कसले? आणि काम नसेल तर क्लब पैसे कशाचे देणार? उत्तर लेखी माग. माझा अंदाज, फोन यायचे थांबतील.

'सगळे असेच जातात' हे खरं असेलही. पण विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तुझ्या फोनमधले क्लबशी झालेले मेसेज उघडले, तर खिडकीसमोर तू एकटा उभा असशील. अर्जात खोटं सांगितल्याचं ठरलं तर दहा वर्षं त्या देशाचा व्हिसा विसरायचा. त्यानंतर दुसऱ्या कुठल्याही देशाचा अर्ज भरताना 'पूर्वी कधी व्हिसा नाकारला होता का' या रकान्याशी अडखळायचं. चोविसाव्या वर्षी हे ओझं अंगावर घेण्याएवढा मोठा कुठलाच क्लब नसतो.

हे वाचून तू म्हणशील, सर, पूर्वीचे खेळाडू पगार घेऊनच तर खेळायचे. बरोबर आहे, आणि त्यातला एक मोठा माणूस तुझ्याच गावचा. विजय हजारे यांचा जन्म सांगलीचा, १९१५चा. लँकेशायरच्या लीगमध्ये तेही पगारी खेळले. १८९२ साली सुरू झालेल्या लँकेशायर लीगची पद्धतच अशी की क्लबला एकच पगारी खेळाडू. बाकी दहा जण गिरणीतले, दुकानातले, शाळेतले. तो एक म्हणजे 'प्रो'. वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ ते १९३७ अशी नऊ वर्षं नेल्सन या गिरणगावात प्रो होते, आणि त्यातल्या सात वर्षी नेल्सनने लीग जिंकली. पुढे त्यांना ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात बसायचा मान मिळाला तेव्हा त्यांनी किताबात त्रिनिदादमधल्या आपल्या गावाबरोबर नेल्सनचंही नाव घेतलं.

विनू मंकड यांचा १९५२चा किस्सा तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्लंड दौऱ्याआधी त्यांनी निवडीची हमी मागितली, मंडळाने ती दिली नाही, म्हणून त्यांनी लँकेशायर लीगमधल्या हॅसलिंग्डन क्लबचा करार धरला. हेडिंग्लेच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताची अवस्था चार बाद शून्य झाली, कप्तान हजारेच. मग मंडळाला क्लबकडे हात पसरावे लागले : आमचा माणूस सोडा. क्लबने सोडला. लॉर्ड्सवर मंकड यांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या, मध्ये ७३ षटकं टाकून १९६ धावांत पाच बळी घेतले. सामना आपण हरलो, तरी ती कसोटी लोक मंकडांच्या नावाने ओळखतात.

पगारी खेळण्याचा तो रस्ता आजही आहे. त्याला इंटरनॅशनल स्पोर्ट्सपर्सन व्हिसा म्हणतात आणि त्यासाठी इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाची शिफारस लागते. शिफारस देताना वरच्या दर्जाचं क्रिकेट किती आणि किती अलीकडे खेळलात हे मोजतात. प्रशिक्षकांसाठीही पात्रतेची अट आहे. जिल्हा आणि पाच वर्षांपूर्वीचे दोन सामने एवढ्यावर तुला ते दार उघडणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, मलाही ते कधी उघडलं नसतं.

तुला उघडू शकेल असं दार वेगळंच आहे, आणि त्याचा क्रिकेटशी काही संबंध नाही. त्याचं नाव इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम, २०२३ पासून सुरू आहे. वय अठरा ते तीस, हातात पदवी, आणि खात्यात २,५३० पौंड सलग अठ्ठावीस दिवस पडून असलेले. तुझी पदवी इथे पहिल्यांदा धावा काढणार! जागा वर्षाला ३,००० आणि त्या चिठ्ठ्या टाकून काढतात. नाव देण्याची मुदत साधारणपणे वर्षातून दोनदा, जेमतेम दोन-दोन दिवस उघडते, आणि नाव द्यायला पैसे पडत नाहीत. चिठ्ठी निघाली की व्हिसाची फी, क्षयरोगाची तपासणी आणि वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार, तोही दोन वर्षांचा एकदम. खर्च मोठा आहे, पण त्यातला बराचसा, ते २,५३० पौंड, तुझ्याच खात्यात राहतात आणि तिथे उतरल्यावर तुझ्याच पोटाला लागतात. एजंटाचे साडेचार लाख मात्र गेले की गेले.

या व्हिसावर दोन वर्षं राहता येतं आणि जवळपास कुठलीही नोकरी करता येते. अपवाद थोडे आहेत आणि त्यातला एक नेमका आपल्या मुळावर आलाय : व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करता येत नाही आणि त्यात प्रशिक्षकही धरलाय. म्हणजे आठवडाभर गोदामात, हॉटेलात किंवा एखाद्या ऑफिसात काम कर, शनिवारी वर्गणी भरून इतरांसारखा क्लबकडून खेळ. कोचिंगचा पगार घ्यायचा नाही. मुलांच्या सरावाला फुकट मदत करायची असेल तरी आधी क्लबला बोर्डाकडे लेखी विचारायला सांग, आणि तो कागद जपून ठेव. किमान वेतन ताशी बारा पौंडांच्या वर आहे, आठवड्याला पंचवीस तास केलेस तरी कर कापण्याआधी तीनशे पौंड होतात. उत्तरेकडच्या लहान गावात वाटून घेतलेल्या घरातली एक खोली आणि डाळ-तांदूळ त्यात बसतात. लंडनमध्ये बसणार नाहीत, तेव्हा 'लॉर्ड्सच्या जवळ' वगैरे मनात असेल तर काढून टाक.

ऑस्ट्रेलियानेही २०२४ पासून आपल्याकडच्या तरुणांसाठी असाच व्हिसा काढलाय. वर्षाला १,००० जागा, चिठ्ठीत नाव घालायला पंचवीस डॉलर. पण तिथला सीझन ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे नेमका आपला. जिल्ह्याचे सामने, निवड चाचण्या, सगळं बुडणार. इंग्लंडचा सीझन एप्रिलअखेर ते सप्टेंबर. तुमच्याकडे कृष्णामाई पात्र सोडते आणि मैदानावर शेवाळ धरतं, त्या दिवसांतला. तू इथे काहीच गमावत नाहीस. म्हणून इंग्लंड.

या एप्रिलचा नाद सोड. पुढच्या वर्षीचं ठरव आणि तोवर क्लब स्वतः शोध. तिथे बहुतेक क्लबांना पहिला, दुसरा, तिसरा असे संघ असतात आणि तिसऱ्या संघाला शनिवारी अकरा माणसं गोळा करताना कर्णधाराच्या नाकी नऊ येतात. पाहुणा खेळाडू त्यांना हवाच असतो. पत्र साधं लिही : वय, काय खेळतो, कुठल्या पातळीवर, क्रिकहिरोज या स्कोअरिंगच्या ॲपवरचे खरे आकडे, नेटमधली दोन मिनिटांची चित्रफीत. दोन सामने खेळलास तर दोनच लिही. 'स्टेट प्लेयर' म्हणून फुगवून जाणारी पोरं तिथे मे महिन्यातच उघडी पडतात, आणि मग ड्रेसिंग रूममध्ये चार महिने काढायचे असतात. तुझा व्हिसा कुठला हे पहिल्याच पत्रात लिही, म्हणजे क्लब लीगला विचारून सांगेल की तुला कुठल्या संघात खेळवता येईल. किती परदेशी खेळाडू चालतात, हे नियम प्रत्येक लीगचे वेगळे.

आता खेळाचं. मी गेलो होतो १९९४च्या उन्हाळ्यात. मावशीचे यजमान उत्तर इंग्लंडमधल्या एका गावात डॉक्टर होते, त्यांच्याकडे राहिलो आणि वर्गणी भरून खेळलो. मागे आठ वर्षं कांगा लीग खेळून झाली होती, त्यामुळे वाटलं, ओली खेळपट्टी आपल्याला काय नवीन. १९४८ पासून मुंबईत भर पावसाळ्यात चालणारी ही लीग म्हणजे इंग्लंडच्या खेळपट्टीची आपल्याकडची सगळ्यात जवळची नातेवाईक, हे खरंच आहे. पण कांगा लीगमध्ये हात गार पडत नाहीत. पहिल्या सामन्यात गलीत उभा होतो, तापमान आठ अंश, चेंडू तळहातावर आला आणि मला तो लागलाच नाही. लागला तो दोन मिनिटांनी, झेल सुटून फलंदाजाने दोन चौकार मारून झाल्यावर. ऑफस्पिनरचं तर बोटांवर पोट. खिशात हात घालून उभा राहा, कुणी हसत नाही, सगळे तेच करतात.

तिथला चेंडू ड्यूक्स. शिवण उंच, चकाकी टिकते, चाळिसाव्या षटकातही हवेत वळतो. सांगलीत आपण पाय टाकून रेषेतून जो ड्राइव्ह मारतो, तो मे महिन्यात थेट स्लिपच्या हातात. चेंडू येईपर्यंत थांबायचं आणि डोक्याखाली खेळायचं. त्यांच्या दुसऱ्या संघातला पन्नाशीचा, पोट सुटलेला मध्यमगती गोलंदाज तुला सहा षटकं हलू देणार नाही, आणि त्याचा वेग मोजायला गेलास तर तुला हसू येईल. तुझा ऑफस्पिन वळेल, पण इतका सावकाश वळेल की फलंदाज मागे जाऊन निवांत कट करेल. हवेतून जोरात टाक, टप्पा पुढे ठेव. जूनमध्ये खेळपट्ट्या सुकल्या की मग उंची दे. आणि रबरी तळाचे बूट घेऊन जाऊ नकोस. मॅटिंगवर ते चालतात, तिथल्या ओल्या गवतावर मी पहिल्याच षटकात अंपायरच्या पायाशी लोटांगण घातलं होतं. लोखंडी स्पाइक्स लागतात.

सामना संपला की आपण किट उचलून निघतो, कारण आपल्याकडे माळी असतो. तिथे माळी म्हणजे क्लबचाच एखादा निवृत्त सभासद, आणि कव्हर ओढायला, सीमारेषेचे झेंडे काढायला, रोलर ढकलायला खेळाडूच. पहिल्या शनिवारी मी सवयीने पिशवी खांद्याला लावून गेटकडे निघालो. कुणी काही बोललं नाही. इंग्रज माणूस बोलत नाही, हीच तर पंचाईत. पुढच्या शनिवारी मला सातव्या क्रमांकावर पाठवलं. कारण मला जुलैमध्ये कळलं.

बऱ्याच क्लबांत आणखी एक रीत आहे. पन्नास धावा किंवा पाच बळी झाले की पार्टी त्यानेच द्यायची, बारमध्ये संघासाठी बिअरचा एक जग घ्यायचा. तू पीत नसशील तर पिऊ नकोस, संत्र्याचा रस आणि लेमोनेड मागव, कुणी आग्रह करत नाही. जग मात्र घे. लँकेशायर लीगमध्ये उलटी पद्धत : पन्नास झाल्या की प्रेक्षकांत डबा फिरतो आणि जमलेली चिल्लर खेळाडूला. तुझ्यासाठी फिरला तर आधी व्हिसा आठव.

मुलांच्या कोचिंगबद्दल तू एकच ओळ लिहिलीस. माझ्या मते सगळ्या प्रवासातली मोलाची गोष्ट तीच आहे, आणि पगार मिळणार नसला तरी तिचं मोल कमी होत नाही. क्लबांत मुलांचा सराव बहुधा शुक्रवारी संध्याकाळी असतो. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, आई-बाप कुंपणाला टेकून गप्पा मारत असतात, बारवर गर्दी असते. क्लबचं खरं पोट तिथे भरतं. त्या वर्षी मला नऊ-दहा वर्षांची अठरा मुलं मिळाली. मी आपल्या पद्धतीने सुरू केलं : आधी मैदानाला तीन फेऱ्या, मग ओळीत उभं राहून सावलीला फॉरवर्ड डिफेन्स, कोपर वर, कोपर वर! एकेकाला नेटमध्ये सहा चेंडू, बाकीचे सतरा रांगेत. दादरला मी असाच शिकलो होतो आणि मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. दुसऱ्या शुक्रवारी पाच मुलं आली.

तिथे धावफलक लिहिणाऱ्या एक आजी होत्या, चाळीस वर्षं क्लबचं स्कोअरबुक त्यांच्याकडे. त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, 'ती रांगेत उभी राहायला आली नव्हती रे, खेळायला आली होती.' मग त्यांनी मला करून दाखवलं. चार-चार मुलांचे गट, प्रत्येक गटाला एक मऊ चेंडू आणि एक स्टंप, दर तीन मिनिटांनी खेळ बदल. चेंडू जमिनीवरून गेला तर दोन धावा, उडाला तर बाद. कोपराबद्दल एक अक्षर नाही. अर्ध्या तासात मुलांची कोपरं आपोआप वर यायला लागली होती, कारण उडवला की बाद. मी त्या दिवशी जे शिकलो ते नंतर वीस वर्षं शिवाजी पार्कच्या पोरांवर वापरलं. तू आज सांगलीत काय करतोस मला माहीत नाही, पण बारा हजारांच्या अकादमीत नेटबाहेरची रांग किती लांब असते याची कल्पना आहे.

तेव्हापासून तिथे बरंच बदललंय. पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी २०१७ पासून बोर्डाचा 'ऑल स्टार्स' कार्यक्रम आहे, तो सगळा खेळाखेळातूनच चालतो. आणि मुलांच्या सुरक्षिततेचे नियम कडक आहेत. मुलांबरोबर उभं राहण्याआधी तुझी पोलिसी पडताळणी होईल, म्हणून इथून निघतानाच पासपोर्ट कार्यालयाचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढून ने. एकट्या मुलाला गाडीतून सोडायचं नाही, मुलाच्या फोनवर परस्पर मेसेज करायचे नाहीत, पाठीत कौतुकाची थाप मारतानाही विचार करायचा. फलंदाजी करताना मुलांना हेल्मेट सक्तीचं. स्लिपसारख्या यष्टीमागच्या जागा सोडल्या तर तेरा वर्षांखालच्या मुलाला फलंदाजापासून अकरा यार्डांच्या आत क्षेत्ररक्षणाला उभं करता येत नाही, पंधराखालच्याला आठ यार्डांच्या आत. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांना एका स्पेलमध्ये किती षटकं, दिवसात किती, याचा तक्ता ठरलेला आहे. आपल्याकडे बारा वर्षांचं पोर सिली पॉइंटला हेल्मेटशिवाय उभं करून वर 'घाबरतोस काय' म्हणणारे प्रशिक्षक मी पाहिलेत. एका काळी मीच तो होतो.

फिरण्याचं फार नियोजन करू नकोस, पाऊस करून देतो. सामना वाहून गेला की स्टेशन गाठायचं. काउंटीचा चार दिवसांचा सामना चालू असेल तर एक दिवस जाऊन बस, बहुतेक खुर्च्या रिकाम्या असतात आणि शेजारचे आजोबा सँडविच देतात. यॉर्कशायर स्कारबरोला खेळायला येतं तेव्हा नक्की जा, मैदानापासून चालत समुद्र. युरोप बघायचा असेल तर त्याचा व्हिसा वेगळा. खाण्याची चिंता आईला करू देऊ नकोस : बोल्टन, ब्लॅकबर्न, प्रेस्टन या पट्ट्यात गुजराती दुकानं आहेत, तूरडाळ आणि गव्हाचं पीठ मिळतं. मराठी बोलायला मात्र फारसं कुणी भेटणार नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, पण तुझ्या गावापासून ते रेल्वेने अडीच-तीन तास आणि तिकिटाचे पैसे ऐकून गणपती घरूनच बघशील. एकटेपणा येतो. तो जूनमध्ये, सलग तीन सामन्यांत धावा न झाल्या की येतो. त्या आठवड्यात घरी फोन करताना कॅमेरा चालू ठेव, नाहीतर आईला आवाजावरून कळतं आणि ती बाबांना झोपू देत नाही.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, परत आल्यावर हातात काय असेल. निवड समितीला दाखवण्यासारखं काही नसेल. इंग्लंडमधल्या क्लबच्या दुसऱ्या संघातल्या सहाशे धावा इथे कुणी मोजत नाही, आणि जो एजंट 'तिथून आलास की रणजीचं दार' म्हणतो तो तुझ्या वयाच्या पोराची दुखरी नस दाबतोय. चोविसाव्या वर्षी, शेवटच्या राज्य सामन्यानंतर पाच वर्षांनी, पगारी खेळाडू होण्याची शक्यता किती हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तू पत्रात खेळण्याबद्दल चार ओळी लिहिल्यास आणि मुलांबद्दल एकच, पण 'शिकवतो' हा शब्द तू वर्तमानकाळात लिहिलास आणि क्रिकेटबद्दल 'पुढे काही झालं नाही' असं. मला वाटतं, तू शिक्षक आहेस आणि ते अजून स्वतःला सांगितलेलं नाहीस. तसं असेल तर तिथले दोन उन्हाळे तुला वेगळ्या तऱ्हेने वापरता येतील : दर शुक्रवारी वही घेऊन उभं राहायचं, कुठला खेळ कुठल्या वयाला चालला, कुठला फसला, रात्री लिहून काढायचं. जाण्याआधी इथला प्रशिक्षकांचा लेव्हल वन कोर्स करून घे, म्हणजे तिथे काय वेगळं चाललंय ते कळेल. कदाचित माझा अंदाज चुकला असेल आणि तुला अजून खेळायचंच असेल. मग एमपीएलच्या लिलावाचा निकाल लागू दे, त्याआधी कुठलाही अर्ज भरू नकोस.

बाबांना दुकानामागची खोली बांधू दे. ते पैसे मागू नकोस. पुढच्या चिठ्ठीपर्यंत साठव, कमी पडले तर उसने घे आणि कधी फेडणार हे लिहून दे. त्यांनी नाही म्हटलं त्याचं कारण क्रिकेट नसेल, एजंट असेल. एजंट बाजूला काढून, व्हिसाचं नाव आणि खर्चाचा कागद घेऊन पुन्हा बोल.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस. त्या पुण्याच्या माणसाला काही आगाऊ दिलंस का, आणि कुठल्या कागदावर सही केलीस का? केली नसशील तर करू नकोस. केली असेल तर तारखेसकट कळव, कारण बारा महिने त्या दिवसापासून मोजावे लागतील.